काळ्या रानासाठी मेटल डिटेक्टर निवडताना

परभणी जिल्ह्यातील आमच्या शेतात वखराची तुटलेली पास, ट्रॅक्टरची पडलेली पिन, क्वचित एखादे जुने नाणे शोधण्यासाठी मी नातेवाइकांकडून आणलेला एक साधा मेटल डिटेक्टर वापरत असे. या छंदाची गोडी मला त्यानेच लावली. मात्र नांगरलेल्या रानात गेल्यावर तो जवळजवळ अखंड वाजत राही, आणि त्या गोंगाटात खरा धातू ओळखणे कठीण होई. म्हणून चांगले यंत्र घेण्याचे ठरवले.

आधी गोंगाटाचे कारण समजून घेतले. मराठवाड्यातील बहुतेक जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असतात. यंत्राच्या कॉइलच्या, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्याच्या, चुंबकीय क्षेत्राला जसा पुरलेला धातू प्रतिसाद देतो, तशी ही मातीही देते. मातीचा हा प्रतिसाद वजा करण्याच्या सोयीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. स्वस्त यंत्रांत तो कारखान्यातच कायमचा ठरवलेला असतो. ढेकळांवरून आणि भेगांवरून फिरवताना कॉइल वरखाली होते, तसा मातीचा प्रतिसाद कमीजास्त होतो आणि यंत्र त्यालाच धातू समजते.

दुकानदारांशी बोलताना बहुतेकांचा भर खोलीवर असे. एकाने तर कित्येक फुटांखालचे सोने दाखवणारे यंत्र सुचवले. हौशी यंत्राला नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच नीट कळते, त्यामुळे असे दावे ऐकताच मी तेथील चौकशी थांबवत गेलो. शिवाय मला खोलीची तेवढी गरजही नव्हती. आमच्या भागात जुन्या पांढरीची, म्हणजे प्राचीन वस्तीच्या जागांची, टेकाडे अनेक आहेत. तेर, पैठण, भोकरदन येथील उत्खननांनी अशा जागांचे मोल दाखवून दिले आहे. तेथे छंद म्हणून खणणे मला अत्यंत चुकीचे वाटते, कारण मातीचा थर एकदा विस्कटला की त्यातील इतिहास परत जुळत नाही. 1958च्या कायद्याने संरक्षित स्मारके आणि स्थळे तर वर्ज्यच आहेत. स्वतःच्या शेतातही दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला, तर 1878च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्यामुळे मला यंत्र हवे होते ते नांगराच्या तासाच्या खोलीपुरते, पण काळ्या मातीत शांत राहणारे.

पल्स इंडक्शन यंत्रे, म्हणजे थांबून थांबून चुंबकीय स्पंद सोडणारी यंत्रे, अशा मातीला दाद देत नाहीत, हे खरे. परंतु लोखंड आणि इतर धातू यांतील फरक ती नीट सांगत नाहीत. खिळे, तारा आणि पत्र्याचे तुकडे पसरलेल्या शेतात तो फरक कळलाच पाहिजे. मिनलॅबची इक्विनॉक्ससारखी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रे मनात भरली, पण ती माझ्या ऐपतीबाहेर होती. नोक्ताचे सिम्प्लेक्स प्लस 12 किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालते, मात्र त्यात ग्राउंड बॅलन्स शेतात जागेवरच साधता येतो. त्याची 28 सेंटिमीटरची डीडी कॉइल एका अरुंद पट्ट्यातच शोध घेते, म्हणून मातीचा त्रास कमी होतो.

छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात जाताना मी शेतातील काळी माती आणि बांधावरचा मुरूम वेगवेगळ्या पिशव्यांत भरून नेला. फरशीखाली लोखंडी सळया असतात, म्हणून यंत्र बाहेर मोकळ्या जागेत चालवून पाहण्याची विनंती केली आणि दुकानदारांनी ती आनंदाने मान्य केली. पिशव्या कॉइलसमोरून फिरवल्या, नंतर त्यांच्यासोबत चांदीचे जोडवे, पितळेची कडी आणि एक रुपयाचे नाणे धरून पाहिले. जोडव्याचा आवाज स्वच्छ आला. रुपया मात्र यंत्राने लोखंड म्हणून दाखवला, कारण 1992पासूनची ही नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. यंत्रावर लोखंडाचे आवाज पूर्ण गाळले, तर हरवलेली चिल्लरही गाळली जाते. नवशिक्यांनी ही चाचणी जरूर करावी असे मला वाटते, कारण माहितीपत्रकातील कोणताही आकडा आपल्या मातीविषयी काही सांगत नाही.

सिम्प्लेक्स घेतल्यानंतर मी सेन्सिटिव्हिटी कमाल पातळीच्या बरीच खाली ठेवतो आणि काळ्या रानातून मुरमाड पट्ट्यात शिरताच ग्राउंड बॅलन्स पुन्हा साधतो. विजेच्या तारांखाली आणि मोटारीजवळ आवाज वाढतो, तेव्हा फ्रिक्वेन्सी किंचित सरकवावी लागते. आता फक्त पिनपॉइंटर, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, घ्यायचा आहे, कारण ओल्या चिकट मातीच्या गोळ्यात लहान वस्तू हाताने चाचपण्यात फार वेळ जातो.