टाइप केलेलं घर

मी काढलेलं घर हमखास कलतं. छप्पर एकीकडे, भिंत भलतीकडे. म्हणून पत्रिकेवर किंवा पोस्टरवर घर हवं असलं की मी ते काढायच्या भानगडीत पडत नाही, सरळ टाइप करतो. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडायचं, टेक्स्ट टूल घ्यायचं, फॉन्ट ऑसम हा आयकॉनचा, म्हणजे चित्रखुणांचा फॉन्ट निवडायचा, कंट्रोल-यू दाबून घराचा क्रमांक एफ०१५ लिहायचा आणि एंटर. घर उभं! छप्पर, दार, सगळं जागच्या जागी.

आहे ते अक्षरच, फक्त त्याला उच्चार नाही. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीने ई००० ते एफ८एफएफ हे ६,४०० क्रमांक मुद्दाम मोकळे सोडलेत. तिथे काय बसवायचं ते ज्याने त्याने ठरवावं. आयकॉनवाल्यांनी तिथेच बिऱ्हाड थाटलंय. त्यामुळे एका फॉन्टमध्ये घराचा असलेला क्रमांक दुसऱ्यात कशाचाही असू शकतो.

कल्पना तशी जुनीच. खिळे जुळवायच्या काळातही छापखान्यात फुलांचे, चांदण्यांचे, बोट दाखवणाऱ्या हाताचे खिळे असत. हेरमान त्साप्फ या जर्मन अक्षररचनाकाराच्या खुणांचा प्रसिद्ध संच आला १९७८ मध्ये. पुढे विंगडिंग्ज हा खुणांचाच फॉन्ट आला. त्यात इंग्रजी कॅपिटल जे दाबलं की हसरा चेहरा उमटतो. एखाद्या ईमेलमध्ये वाक्याच्या शेवटी उगाच लटकणारा ‘जे’ पाहिलाय? तो बहुधा हाच चेहरा, वाटेत फॉन्ट हरवून आलेला. जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून ज्यांनी कपाळाला हात लावलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझी फजिती याच जातीची. कार्यक्रमपत्रिकेची इंकस्केपमधली एसव्हीजी फाइल मैत्रिणीला पाठवली. लगेच फोन. “छान झालीये रे, पण हे चौकोन कसले?” घड्याळ, फोन, पत्त्याची खूण, तिघांच्या जागी तीन रिकामे चौकोन. फॉन्ट माझ्याकडे होता, तिच्याकडे नव्हता.

तेव्हापासून फाइल पाठवण्याआधी शिफ्ट-कंट्रोल-सी, म्हणजे ऑब्जेक्ट टू पाथ. अक्षराचं अक्षरपण गेलं, उरला नुसता आकार. आता फॉन्ट असो-नसो, तो तसाच दिसणार. (मजकुराला मात्र हे करण्याआधी एक प्रत बाजूला ठेवावी. नंतर सापडलेली शुद्धलेखनाची चूक टाइप करून सुधारता येत नाही. हेही अनुभवानेच.) गिम्प या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं पथ्य: अक्षर ओढून मोठं केलं की कडा फिसकटतात, त्यापेक्षा फॉन्टचा आकडाच वाढवावा.

पण खरी मजा पाथ झाल्यावरच. नोड टूल घेतलं की घराच्या कडेने बारीक चौकटी दिसू लागतात. हेच नोड, आकाराचे सरकवता येणारे बिंदू. परवा दाराच्या एका बाजूचे नोड जरा सरकवले, दार ऐसपैस झालं. आणखी सरकवले, तर घराचं गॅरेज झालं. मागे आणले. तेवढ्यात छपराच्या टोकाचा नोड धक्क्याने हलला आणि घर कललं.

कंट्रोल-झेडवर बोट गेलं होतं. दाबलं नाही.