'साठा' दोनदा दिसतोय: जुन्या डिस्कची नोंद

गेल्या वेळी कॅबिनेट साफ करून नवा पंखा बसवला, एवढंच लिहिलं होतं. त्यानंतरचे दहा दिवस एका डिस्कपायी गेले. २०१३ साली बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडलेला हा डेस्कटॉप. सिस्टीम एसएसडीवर आहे, लिनक्सपैकी डेबियन १२. शेजारी १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, लेबल 'साठा'. तिच्यात घरातल्या मिनीडीव्ही (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल) कॅसेटी उतरवून ठेवल्या आहेत. एका तासाच्या कॅसेटला साधारण १३ जीबी लागतात, आणि यातल्या बऱ्याच कॅसेटींची दुसरी प्रत मी कधी केलीच नव्हती.

मंगळवारी रात्री आत्याच्या लग्नाची फाईल उघडली आणि प्लेअर मध्येच गोठला. डिस्कमधून टक्-टक् आवाज. कर्नेलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये दोन प्रकारच्या ओळी दिसल्या: काही 'हार्ड रीसेटिंग लिंक' (डिस्कशी जोडणी नव्याने लावली), तर काही 'मीडियम एरर' (डिस्कवरची जागाच वाचता येत नाही), सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा ५१२ बाइटचा कप्पा, १,२१,८५,६६,४००. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे काढले. ५ क्रमांक, म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर: ०. १९७, म्हणजे वाचता न आल्याने निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर: १६. आणि १९९, सीआरसी चुका: २१२.

१९९ चा आकडा प्लॅटरबद्दल (डेटा जिच्यावर असतो त्या तबकडीबद्दल) काहीच सांगत नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडला की तो वाढतो, म्हणून आधी साटा केबल बदलली. आकडा २१२ वरच थांबला (तो खाली कधीच येत नाही, वाढायचा थांबला की समजायचं) आणि लिंक रीसेट होणंही बंद झालं. मला वाटलं, सुटलो. पण त्याच सेक्टरवर मीडियम एरर परत आलीच. म्हणजे आजार दोन होते आणि केबलने त्यातला एकच बरा केला.

इथे हात सर्वांत आधी एफएससीकेकडे, म्हणजे फाईल सिस्टीम तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांडकडे जातो. माझाही गेला होता, एंटर दाबायच्या आधी थांबलो. एफएससीके दुरुस्ती करतं म्हणजे डिस्कवर लिहितं, आणि जी डिस्क वाचतानाच अडखळते आहे तिच्यावर लिहायला लावणं मला धोक्याचं वाटतं. शिवाय प्रतीक्षेतला सेक्टर डिस्क आपणहून बदलत नाही. पुढच्या एखाद्या वाचनात तरी डेटा हाती लागेल म्हणून ती तो तसाच ठेवते. त्या जागी नवीन काही लिहिलं की मगच ती जागा तपासते आणि गरज पडली तर राखीव सेक्टर देते. तोवर जुना मजकूर मिळायची आशा असते, लिहिल्यावर ती संपते.

म्हणून आधी नक्कल. २ टीबीची नवी डिस्क आणली आणि गुरुवारी सकाळी डीडीरेस्क्यू (बिघडत्या डिस्कची नक्कल काढणारं साधन) लावलं. चिंचवडला गुरुवार म्हणजे वीज जाण्याचा वार, हे ध्यानात ठेवून नकाशाची फाईल मुद्दाम एसएसडीवर ठेवली होती. कुठला भाग वाचला, कुठला राहिला, कुठला खराब, हे सगळं डीडीरेस्क्यू त्यात टिपत जातं. ६१ टक्क्यांवर लाईट गेली. दुपारी आल्यावर तीच कमांड तशीच्या तशी दिली आणि काम जवळजवळ तिथूनच पुढे सुरू झालं. पहिली फेरी '-एन' लावून केली, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता चांगला भाग आधी पदरात पाडायचा. डिस्कच्या सुरुवातीला वेग चांगला होता, शेवटाकडे जवळपास निम्मा, ते साहजिकच आहे, आतली वर्तुळं लहान असतात. दुसऱ्या फेरीत '-डी' (डिस्कमधून थेट वाचन) आणि तीन प्रयत्न. अखेर हाती न आलेला भाग उरला ८,१९२ बाइट. ५१२ चे १६ सेक्टर, म्हणजे ४,०९६ बाइटचे दोन प्रत्यक्ष तुकडे. १९७ च्या आकड्याशी हिशेब तंतोतंत जुळला. १ टीबीमध्ये ८ केबी! त्या रात्री मी निवांत झोपलो.

आणि तिथेच चूक झाली. जुनी डिस्क काढून ठेवायला हवी होती, ती कॅबिनेटमध्येच राहिली.

शुक्रवारी फाईल मॅनेजरमध्ये 'साठा' दोनदा दिसू लागला. ते अपेक्षितच होतं, नक्कल सेक्टर न् सेक्टर केलेली, त्यामुळे लेबल तेच, यूयूआयडी (फाईल सिस्टीमचा ओळख-क्रमांक) तोच, पार्टिशनचे जीयूआयडी (डिस्कच्या भागांचे ओळख-क्रमांक) सुद्धा तेच. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, मी यूयूआयडीच लिहिलेला. दोन डिस्क एकच यूयूआयडी सांगू लागल्या की त्या नावाचा दुवा कुठल्या तरी एकीकडेच जातो, आणि पुढच्या बूटला दुसरीकडे जाऊ शकतो. एसडीए, एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावंही दर वेळी तीच राहतील याचा भरवसा नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही नवीच माउंट झाली (वापरासाठी जोडली गेली) असेल असं धरून शुक्रवार-शनिवार बसून चाळीसेक क्लिपना नावं दिली, फोल्डर लावले. रविवारी मशीन सुरू केलं तर सगळी नावं जुनी, एकही नवा फोल्डर नाही. पोटात गोळा आला.

काही मिनिटं तसाच बसून राहिलो, माउसलाही हात लावला नाही. मग एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी देणाऱ्या कमांडमध्ये) सिरियल नंबरचा रकाना मागितला. डिस्कच्या लेबलवर छापलेला नंबरच शेवटी खरी ओळख देतो, नक्कल करताना तेवढा एक नव्या डिस्कवर उतरत नाही. रविवारी माउंट होती नवी डिस्क. म्हणजे दोन दिवसांचं काम आजारी डिस्कवर गेलं होतं. ट्यूनटूएफएसची (फाईल सिस्टीमची माहिती दाखवणाऱ्या आणि बदलणाऱ्या कमांडची) '-एल' यादी दोन्हींसाठी काढली. 'शेवटचं लेखन' जुन्या डिस्कवर शनिवारी रात्रीचं. पडताळा झाला.

सोडवणूक अशी केली. जुनी डिस्क काढून ठेवली आणि मगच संगणक सुरू केला. नव्या डिस्कवर ईटूएफएससीके '-एफ' (एफएससीकेचाच प्रकार, सक्तीची तपासणी) चालवलं (आता दुरुस्तीला हरकत नव्हती, ही सुदृढ डिस्क आणि हातात नकाशा), काही निघालं नाही. मग ट्यूनटूएफएस '-यू रँडम' देऊन नवा यूयूआयडी. ओळख नवीचीच बदलली, कारण जुनीवर आता एक बाइटही लिहायचा नाही असं ठरवलं होतं. पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठवर ती नोंद) जीपीटी प्रकारचं असल्याने ते बदलणारं एसजीडिस्कही चालवावं लागलं. आधी '-ई', कारण १ टीबीची नक्कल २ टीबीवर घेतली की टेबलाची राखीव प्रत डिस्कच्या मधोमध अडकते, ती शेवटाला न्यावी लागते. मग '-जी', नवे जीयूआयडी. एफएसटॅबमध्ये ओळ बदलली.

लेबलही बदललं. 'नवा साठा' लिहायला गेलो तर बसेना. या डिस्कवरच्या ईएक्सटीफोर फाईल सिस्टीमचं लेबल १६ बाइटचं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, कानामात्रेसकट, ३ बाइट खातं. म्हणजे पाच चिन्हं. शेवटी नुसतं 'नवा'.

यानंतर जुनी डिस्क परत जोडली, पण माउंट करताना बाय-आयडीचा मार्ग वापरला, ज्यात मॉडेल आणि सिरियल असतो, आणि पर्याय दिले 'आरओ,नोलोड' (फक्त वाचन, जर्नल न चालवता). नुसतं आरओ पुरत नाही. जर्नल (करायच्या बदलांची नोंदवही) अपुरं असेल तर ईएक्सटीफोर वाचनापुरतं माउंट होतानाही ते डिस्कवर लिहून पूर्ण करतं. मग नव्या डिस्कवर बदल उतरवायला आरसिंक, आधी कोरडी फेरी (काही न लिहिता), यादी डोळ्यांनी वाचून मग खरी. चेकसमचा (फाईलींचा मजकूर वाचून ताडण्याचा) पर्याय मुद्दाम टाळला, नाहीतर आजारी डिस्क पुन्हा अख्खी वाचून निघाली असती. चाळीस नावं परत आली.

ज्यांची फाईल सिस्टीम वेगळी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. एक्सएफएस अशा जोडीतली दुसरी डिस्क 'नोयूयूआयडी' सांगितल्याशिवाय माउंटच करत नाही, आणि मला ते आवडतं. बीटीआरएफएसच्या बाबतीत मात्र मूळ आणि नक्कल एकाच वेळी जोडूच नका, ती यूयूआयडीवरूनच डिस्क ओळखते आणि दोघींची गल्लत होऊन डेटा बिघडू शकतो. विंडोजमध्ये दुसरी डिस्क ऑफलाइन दिसली तर घाबरू नका, दोन्ही डिस्कच्या ओळखीच्या सह्या सारख्या असल्यामुळे ती बाजूला ठेवलेली असते.

उरले ते ८ केबी. कुठल्या फाईलचे? सेक्टर १,२१,८५,६६,४०० मधून पार्टिशनची सुरुवात २,०४८ वजा केली, ८ ने भागलं (एक ब्लॉक म्हणजे ८ सेक्टर): ब्लॉक १५,२३,२०,५४४. डीबगएफएसमध्ये आयचेकने आयनोड (फाईलचा आतला क्रमांक), एनचेकने फाईलचं नाव. दुसरा तुकडा मोकळ्या जागेत निघाला. हा मात्र आत्याच्या लग्नाच्या फाईलमधलाच. फाईलफ्रॅगने फाईलच्या आतला क्रम दिला: ब्लॉक १,३६,०००.

पाल या सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीतल्या डीव्हीची प्रत्येक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची असते आणि तिचा मागच्या-पुढच्या फ्रेमशी संबंध नसतो. १,३६,००० गुणिले ४,०९६, भागिले १,४४,०००. फ्रेम ३,८६८, आणि तुकडा अख्खा त्या एकाच फ्रेमच्या पोटात. दोन मिनिटं चौतीस सेकंद. एमपीईजी असतं तर पुढच्या अनेक फ्रेम विस्कटल्या असत्या. इथे सेकंदाचा पंचविसावा भाग. उघडून पाहिलं: मंगलाष्टकं संपताहेत, अंतरपाट खाली येतोय, अक्षता हवेत, आणि चित्रभर विखुरलेले काही चौकोन बिघडलेले. डीव्ही शेजारशेजारचे चौकोन लांब लांब वाटून लिहितं म्हणून ते एका जागी नाहीत.

मूळ फाईल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर डीडी (बाइट जसेच्या तसे नकलणारी कमांड) चालवलं: बीएस १,४४,०००, स्किप ३,८६७, सीक ३,८६८, काउंट १, कन्व्ह नोट्रंक. आधीची फ्रेम एकदा जास्त. तीन वेळा नीट निरखून पाहिलं, जोड दिसत नाही. आवाजात बारीकशी टिक होती, तीही गेली.

जुनी डिस्क आता पिशवीत, तारीख लिहून. १९७ अजून १६. त्या सेक्टरांवर लिहून ५ चा आकडा वाढतो का हे मला पाहायचंय, पण दुसरी प्रत तयार झाल्यावरच. मूळ कॅसेट चिपळूणला आत्याकडे आहे, दमट हवेने तिच्यावर बुरशी धरली आहे. दिवाळीत जाऊन ती घेऊन येणार आहे. टेप साफ झाली आणि कॅमेऱ्याने ती जागा स्वच्छ वाचली, तर हरवलेले ते ४,०९६ बाइट जसेच्या तसे परत बसवता येतील.