मृगाचं वाहन कोल्हा

मे महिना अर्धा सरला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसाच्या नक्षत्रांची यादी येऊन पडते. पाठवणारे ठरलेले, साताऱ्याकडचे काका. मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी नक्षत्रं आणि प्रत्येकासमोर एकेक वाहन. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर म्हणजे मध्यम. घोडा असला तर डोंगराळ भागात बरसणार. कोल्हा नाहीतर मेंढा निघाला की पावसानं ओढ दिलीच म्हणून समजायचं.

या भाकितावर माझा काडीचाही विश्वास नाही, पण यादी मी दर वर्षी मन लावून वाचतो. मोराच्या पंगतीला गाढव बसवणारा माणूस खट्याळच असणार. मेंढा मात्र मला पटतो. धनगर पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातून कळप घेऊन घाटावरच्या कोरड्या मुलखात परततात, कारण मेंढराला सततची ओल सोसत नाही. ज्यानं मेंढा ओढीच्या बाजूला उभा केला, त्यानं मेंढरं जवळून पाहिली असावीत.

वाहन ठरवायची रीत त्या मानानं रुक्ष आहे. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कुठं आहे ते बघायचं, सूर्यनक्षत्रापासून तिथवर मोजायचं आणि ९ नं भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक. काहीच उरलं नाही तर हत्ती. म्हणजे सूर्य-चंद्र एकाच नक्षत्रात असले की घोडा ठरलेला, मग आभाळात ढग असोत की नसोत. साऱ्या हिशेबात पाण्याचा एक थेंब नाही.

२०२५ च्या यादीची पहिलीच ओळ होती: मृग, ८ जून, वाहन कोल्हा. पण पाऊस तोवर थांबतोय कशाला? २४ मेला तो केरळात आला आणि २६ मेला मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची त्याआधी नोंदच नव्हती. हवामान खात्याच्या लेखी तिथली नेहमीची तारीख ११ जून. सूर्य अजून रोहिणीत होता, आणि रोहिणीला काकांच्या यादीत वाहनच नाही. पाऊस पायीच आला म्हणायचा.

पुण्यात आमच्या इमारतीमागं एक मोकळा प्लॉट आहे. तिथं मेमध्येच तळं साचलं आणि रात्रभर बेडकांनी कान किटवले. मोठ्या बेडकांचे नर या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात, तसे दोन-चार सकाळी दिसलेही. बेडूक पंचांग बघत नाही, पाणी बघतो. डबक्यात पाणी, म्हणजे अंडी घालायला हरकत नाही.

आणि मग महिनाअखेरीस पावसाची वाटचाल अडली, ती जूनच्या मध्यापर्यंत. प्लॉटमधलं तळं आटत आटत चिखल झालं. त्यात वळवळणाऱ्या शेपट्या होत्या, त्याही एके दिवशी दिसेनाशा झाल्या. इकडं काकांचा फोन, आवाजात विजय मावत नव्हता: "बघ, कोल्हा म्हटलं होतं का नव्हतं?"

काकांच्या बोलण्यात नक्षत्रांची आणखीही नावं येतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. ही नावं मला वाहनांपेक्षा खरी वाटतात. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ओट्यावर बसून पावसाचा स्वभाव पाहिला असणार, त्याशिवाय एकाला तरणा आणि दुसऱ्याला म्हातारा म्हणायचं सुचत नाही. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो पुष्याचा. म्हाताऱ्याचा! पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांनी इतरांसोबत जुन्या नोंदी तपासल्या. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं त्यांना आढळलं. अरबी समुद्र तापतोय, तिथून येणारे वारे मध्येच बेभान होऊन बाष्पाचे लोट आणून ओततात. एरवी ओढ, आणि आला की धिंगाणा. अशा पावसाला तरणा म्हणावं की म्हातारा, काकांनाही ठरवता येत नाही. ते नुसतंच "येडा" म्हणतात.

जूनच्या मध्यानंतर पाऊस परतला. प्लॉट पुन्हा भरला, बेडूक पुन्हा ओरडले. तेच होते की दुसरे, कोण सांगणार? काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बेडकांचीपण दुबार पेरणी!" त्यांच्या सोयाबीनची पेरणी एकदाच झाली होती. मेच्या पावसाला ते भुलले नाहीत, आणि त्याचं सगळं श्रेय ते कोल्ह्याला देतात. ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरणीची घाई करू नका असं कृषी खातंही सांगत होतं, याची मी आठवण करून दिली.

"खात्यात कुणीतरी यादी वाचली असणार," काका म्हणाले.