कालाकुंडला सायकलने, दुसऱ्या खेपेला

कालाकुंड हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलेय, ते खाण्याच्या संदर्भात. आई पुण्याला माहेरी निघाली की इंदूरहून मीटर गेजच्या गाडीने खंडव्याला जायची आणि तिथे मुंबईकडची मोठी गाडी पकडायची. परतीच्या वाटेवर घाटाच्या पायथ्याशी कालाकुंड लागायचं. वर चढायला गाडीला मागून आणखी एक इंजिन जोडावं लागे, म्हणून तिथे ती बराच वेळ थांबायची. तेवढ्यात पळसाच्या पानावर कलाकंद मिळायचा. आई आता ७८ वर्षांची आहे. इंदूरच्या लोकमान्य नगरला भावाकडे असते, आणि त्या कलाकंदाची आठवण तिने शंभरदा तरी काढली असेल.

मी शाळेत भूगोल शिकवते. तीन वर्षांपासून सायकल चालवते, पण ती बायपासवर आणि डांबरावर. गेल्या पावसाळ्यात भावाचा मुलगा म्हणाला, "आत्या, कालाकुंडला चोरल गावाकडून कच्चा रस्ता आहे. सायकलने जाऊ या." त्या वाक्यापासून प्रत्यक्ष पोहोचेपर्यंत साडेचार महिने गेले. ते कसे गेले ते लिहिते. इंदूरकडच्या कुणाला चोरल नदीच्या खोऱ्यात उतरायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी सायकल. साधी रोड बाइक खडीवर चालत नाही आणि माउंटन बाइक डांबरावर जड जाते. आम्हाला दोन्ही रस्ते होते, म्हणून ग्रॅव्हल बाइक घेतली. हँडल रेसिंग सायकलीसारखं वळलेलं, ब्रेक डिस्कचे, गिअर घाटाला पुरतील इतके हलके, आणि टायर ४० मिलिमीटरचे. ट्यूब काढून टाकली. रिमला आतून टेप लावायची, टायर बसवायचा आणि आत सीलंट ओतायचं. बाभळीचा काटा घुसला तर ते द्रव बाहेर येताना तिथेच गोठतं आणि भोक बुजतं. आपल्याकडच्या उन्हात ते लवकर सुकतं, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी बघून पुन्हा भरावं लागतं.

हवेच्या बाबतीत मात्र माझा महिना वाया गेला. ज्या दुकानातून सायकल घेतली तिथे त्यांनी ६० पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हवा भरून दिली. मी विश्वासाने तशीच चालवत राहिले. मुरमावर प्रत्येक दगडागणिक चाक उडायचं, मनगटं रात्रभर ठणकायची. वाटलं, वयामुळे होत असेल. मग भाच्याने पंप आणला, दाब दाखवणारा काटा लावला आणि हवा कमी करत करत पुढे ३० आणि मागे ३३ वर आणली. माझं वजन ५८ किलो आहे, त्या हिशेबाने. त्याच मुरमावर पुन्हा गेले, तर चाक दगड पोटात घेऊन पुढे सरकत होतं. घरी येऊन रडूच आलं. एवढे दिवस शरीराला दोष देत होते आणि चूक होती टायरातल्या हवेत. ग्रॅव्हल बाइक घेणाऱ्याने पहिल्या दिवशी दाबाचा काटा असलेला पंप घ्यावा, बाकी सामान नंतर.

मग रस्ता शोधायचा. खंडवा रोडने सिमरोलपर्यंत जाता येतं, पण ट्रकांची रांग सतत अंगावर येते. म्हणून उपग्रहाच्या नकाशावर शेतातल्या गाडीवाटा शोधल्या आणि त्या जोडून जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएसला वाचता येणारा मार्ग, तयार केली. महूकडच्या बाजूला झाडीत फार सुरेख वाटा दिसत होत्या. पण तिथे लष्कराची जमीन आहे, फायरिंग रेंज आहे. तिकडच्या सगळ्या रेषा पुसून टाकल्या. नकाशात रिकामी दिसणारी जागा मोकळीच असते असं नाही, हे महूच्या आसपास फिरणाऱ्याने मनात पक्कं ठेवावं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे निघालो. जिरावन मसाला घातलेले पोहे खाल्ले, रालामंडळची टेकडी डाव्या हाताला ठेवली आणि पुढे डांबर सोडलं. शेतात सोयाबीन कापून पडलं होतं. दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला होता, पण वरून वाट सुकलेली दिसत होती. दीडशे मीटर नीट गेलो. मग सायकल जड झाली. खाली पाहिलं तर मागचं चाक चाकासारखं दिसतच नव्हतं, मातीचा गोल गठ्ठा झाला होता. चिमट्याच्या आणि टायरच्या मधल्या फटीत काळी माती ठासून बसली होती. वर तिला सोयाबीनचा पाला चिकटलेला, म्हणजे विटा पाडायला मातीत भुसा घालतात तसं घट्ट मिश्रण. चाक हाताने ढकललं तरी फिरेना. तुरीच्या काड्या घेऊन बसलो. एका बाजूने खरवडायचं आणि दुसऱ्या बाजूने बोट घालून ओढायचं. वीस मिनिटांत मोकळं केलं, दहा पावलांत पुन्हा भरलं. शेवटी सायकली खांद्यावर घेतल्या, तर बुटांनाही तेवढीच माती.

बांधावरून एक शेतकरी दादा बघत होते. म्हणाले, "दीदी, इसमें तो ट्रैक्टर नी चले, साइकिल क्या चलेगी." त्यांनीच विहिरीवर नेलं आणि पाण्याचा पाइप दिला. तिथून आम्ही परत फिरलो. सिमरोलसुद्धा गाठलं नव्हतं.

ही माती मी वर्गात शिकवते. बेसाल्ट झिजून झालेली, पाणी धरून ठेवणारी, ओली झाली की फुगणारी, सुकली की भेगाळणारी. फळ्यावर ते सगळं लिहिलंय. वरचा पापुद्रा वाळला तरी खाली ती चार-चार दिवस ओली राहते, हे मात्र त्या दिवशी चाकाने शिकवलं. घरी येऊन नकाशा पुन्हा उघडला आणि या वेळी वाटांचे रंग पाहिले. फिकट, पांढरट रेषा म्हणजे मुरूम किंवा खडक, गडद रेषा म्हणजे काळी माती. गडद रेषांपैकी ज्या टाळता आल्या त्या टाळल्या, उरलेल्या डिसेंबरवर ढकलल्या. अंतर थोडं वाढलं, घरापासून घरापर्यंत १०० किलोमीटरच्या आसपास.

दुसरी खेप डिसेंबरात, कालाकुंडला पर्यटकांची हेरिटेज गाडी येते तो दिवस बघून. त्याच वाटेवर गहू घोटाभर उंच झाला होता आणि माती फरशीसारखी कडक. मागच्या वेळी जिथे बसून चाक खरवडलं तिथून आम्ही न थांबता गेलो. भाचा मागून ओरडला, "आत्या, हीच ती जागा!" सिमरोलला आयआयटीच्या पुढे चहा घेतला, आणि पठार संपलं.

इथे नकाशाकडे एकदा नीट बघावं. इंदूरची कान्ह नदी उत्तरेला क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे आमच्या घराजवळचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. सिमरोलच्या पुढे विंध्याची धार उतरली की चोरल नदी दक्षिणेला नर्मदेकडे धावते, अरबी समुद्राकडे. सकाळी निघून जेवायच्या आत सायकलवर भारताचा जलविभाजक ओलांडता येतो, आणि ही गोष्ट मला देवळात गेल्यासारखी वाटते. त्याचाच दुसरा अर्थ असा की इंदूरहून दक्षिणेला जाणाऱ्याला सकाळी उतार मिळतो आणि थकल्यावर, दुपारी, चढ. अर्धं पाणी आणि अर्धा खाऊ परतीसाठी ठेवायचा.

चोरल गावातून वाट पश्चिमेला, नदीच्या प्रवाहाविरुद्ध जाते. सागाचं जंगल, पळस, आणि पायाखाली गोटे. फोनला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवला होता म्हणून बरं. वाट नदी ओलांडते. पहिल्या ठिकाणी मी सायकलवर बसूनच जायचा विचार केला, मग थांबून पाणी पाहिलं. गुडघ्याच्या खाली, इतकं स्वच्छ की तळाचा एकेक दगड दिसतो. दगड अंड्यासारखे गुळगुळीत, आणि जिथे प्रवाह संथ तिथे त्यांच्यावर हिरवट शेवाळाचा थर. त्यावर टायर ठेवला की तो बाजूला सरकणारच. पाणी जिथे खळाळतं तिथे शेवाळ कमी असतं, म्हणून सायकली खांद्यावर घेऊन, मुद्दाम खळाळत्या जागेतून, पाय घासत घासत पलीकडे गेलो. सायकल उचलली की चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणीही शिरत नाही. हे सगळं डिसेंबरचं सांगतेय. पावसाळ्यात या पात्रात उतरू नये. वर पठारावर पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाणी मिनिटांत चढतं.

कालाकुंडचं स्टेशन छोटंसं आहे. रुळांकडे बघत मी बराच वेळ उभी होते. इंदूरला रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, १०१ वर्षांसाठी, साडेचार टक्के व्याजाने. त्या पैशातून झालेल्या मार्गाचा हा घाट, ४० मीटरला १ मीटर चढणारा. रेल्वेच्या हिशेबात तो फार मोठा चढ, म्हणून आईच्या गाडीला दुसरं इंजिन लागायचं. आता पातालपानी ते कालाकुंड एवढ्याच तुकड्यावर डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज गाडी चालते. गाडी आली, माणसं उतरली आणि कलाकंदवाले पुढे झाले. मी अर्धा किलो घेतला. पान सुटू नये म्हणून त्यावर माझा रुमाल बांधला आणि हँडलच्या पिशवीत ठेवला.

परतीचा घाट सर्वांत हलक्या गिअरवर चढले. दोनदा उतरून चालले. जंगलात बिबटे आहेत आणि डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणून आम्ही दीड वाजताच कालाकुंड सोडलं होतं. सिमरोलला उजेडात पोहोचलो, तिथून दिवे लावून मोठ्या रस्त्याने थेट लोकमान्य नगर.

आई दारातच उभी होती. रुमाल सोडून पान तिच्या हातात दिलं. तिने आधी पानाचा वास घेतला. "खिडकीतून हात बाहेर काढून घ्यायचो आम्ही," म्हणाली, "आणि गाडी हलायला लागली की पैसे फेकायचे." मग एक तुकडा मोडून तिने अर्धा नातवाच्या तोंडात घातला आणि अर्धा माझ्या.