तिसऱ्या दिवसाचं काम

बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय, म्हणजे देवाने सहा दिवसांत जग घडवल्याची गोष्ट, संडे स्कूलमध्ये पावसाळ्यातच घ्यायचा, हा माझा हट्ट. एप्रिलमध्ये पुण्याच्या टेकड्या दाखवून हिरवळीबद्दल काय बोलणार?

तिसरा दिवस माझा आवडता. दुसऱ्या दिवशी 'चांगले आहे' असं देव एकदाही म्हणत नाही, तिसऱ्या दिवशी दोनदा म्हणतो: समुद्र आणि कोरडी भूमी वेगळी झाल्यावर एकदा, झाडंझुडपं उगवल्यावर पुन्हा.

पोरांचा प्रश्न ठरलेला. "टीचर, सूर्य चौथ्या दिवशी, मग झाडं आधी कशी?" मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे हा प्रश्न टाळून कसं चालेल? मी सांगते, हे वेळापत्रक नाही. पहिले तीन दिवस जागा तयार होतात, पुढचे तीन दिवस त्या भरतात. शिवाय शेजारच्या मिसर देशात (म्हणजे इजिप्तमध्ये) सूर्य म्हणजे देव. इथे त्याचा नंबर गवताच्याही मागे! वेताळ टेकडीचा काळा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हे मी शाळेत सांगायचे, रविवारीही तेच सांगते. एकाच खडकाची दोन वयं सांगणं मला जमत नाही.

पाण्याच्या हद्दीचं मात्र पुणेकरांना फार समजवावं लागत नाही. खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो. १०४ व्या स्तोत्रात देवाने पाण्याला मर्यादा घातली, ते पुन्हा पृथ्वी झाकणार नाही, असं आहे. सासूबाईंनी १२ जुलै १९६१ पाहिलाय. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. त्यांचं म्हणणं, "तो शब्द देवाच्या बांधाबद्दल आहे गं. आपल्या बांधाचं आपण बघायचं."

टेकडीवर खडकाच्या खळग्यात बोटभर माती साठते. परवा तिथे शेवाळाच्या कडेला टाकळा उगवताना दिसला. दोन दळं जेमतेम उघडलेली, एकाच्या टोकाला बियांचं तपकिरी साल अजून अडकलेलं. मी तिथेच उकिडवी बसले (उठताना गुडघ्यांनी बोलून दाखवलं). एदेनात पुढे देव स्वतः बाग लावतो. इथे मात्र तो भूमीलाच म्हणतो, तू उपजव. वर फळात बी ठेवतो, म्हणजे दरवेळी त्याची वेगळी आज्ञा लागायला नको. एवढं मोठं काम मातीवर सोपवणारा देव मला फार जवळचा वाटतो. आणि तो म्हणतो, 'आपापल्या जातीप्रमाणे'. आपण आपल्या टेकड्यांवर काय लावलं, तर मध्य अमेरिकेतली गिरिपुष्प, रांगाच्या रांगा. लवकर हिरवं दिसतं, कबूल. पण एकाच झाडाच्या हिरवळीला मी दुसऱ्यांदा 'चांगले' म्हणणार नाही.

गेल्या रविवारी हे रंगात येऊन सांगत होते, तर मागून एक चिमुरडी म्हणाली, "टीचर, केळ्यात बी कुठंय?" सगळे हसले. पण प्रश्न खराच होता. आपण खातो ती केळी माणसाने निवडत निवडत बिनबियांची केली. ती मुनव्यांवर, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांवर वाढते. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवते ती कवदर, म्हणजे रानकेळ. तिच्या फळात गर थोडा आणि टणक काळ्या बियाच फार. तिला मुनवे फुटत नाहीत, बी रुजल्याशिवाय नवं झाड नाही. या रविवारी त्या बिया वर्गात न्यायच्यात; कुणाकडे असतील तर कळवा.