मेथीची जुडी आणि माझा आयएनआर

ऑपरेशननंतर घरी आले त्या पहिल्याच रात्री आवाज ऐकू आला. सगळे झोपलेले, पंखा बंद, आणि उशीला कान टेकला की आतून बारीक टकटक. हृदयात बसवलेली कृत्रिम झडप मिटताना वाजते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी घाबरून मोजत पडले. अहो जागे झाले, त्यांनीही कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "वाजतेय ना? मग झोप."

लहानपणी घसा धरून ताप यायचा, मग गुडघे नि घोटे सुजायचे. घरी वाटायचं, वाढीचं दुखणं. तो रुमॅटिक ताप होता. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं. माझी मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, वर्षानुवर्षं अरुंद होत गेली, आणि अडतिसाव्या वर्षी एक जिना चढायला मला दोनदा थांबावं लागू लागलं. आम्ही कराडचे, ऑपरेशन पुण्यात झालं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून.

पहिले तीन महिने छातीचं हाड जुळण्यात गेले. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, उठताना आधी कुशीवर वळायचं, भरलेली कळशी उचलायची नाही, स्कूटर चालवायची नाही. हे सगळं निभावलं ते सासूबाईंमुळे.

खरी कसोटी गोळीची. तिला सगळे रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात, पण तिनं रक्त पातळ होत नाही, गोठायला वेळ लागतो. ती नसेल तर झडपेवर गुठळी धरते. झडप अडकते, नाहीतर गुठळी मेंदूत जाऊन लकवा मारतो. गोळीचं प्रमाण आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासून ठरतं. गोळी न घेणाऱ्याचा तो 1 च्या आसपास असतो, माझा 2.5 ते 3.5 मध्ये राहायला हवा.

शेजारपाजारचे म्हणाले, पालेभाजी कायमची बंद. मी दोन महिने पानाला हात लावला नाही. मग थंडीत आईनं शेतातली मेथी पाठवली आणि आठवडाभर भाजी, पराठे, घोळाणा असं रोज खाल्लं. आयएनआर 1.7. गोळी वाढवली. तोवर मेथी संपली होती, आणि पुढच्या तपासणीत आकडा 4.6. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं. तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं, ही गोळी त्याच्याच विरुद्ध काम करते. भाजी सोडू नका, पण दर आठवड्याला सारखीच खा. हे पहिल्याच दिवशी कुणी एवढं स्पष्ट सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! आता मंगळवारी आणि शुक्रवारी एक वाटी पालेभाजी, बारा महिने.

पावसाळ्यात कंबर दुखली म्हणून एका दवाखान्यात गेले, तिथं कमरेत इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा काळानिळा गोळा. गोळीबद्दल मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. तेव्हापासून पर्समध्ये कार्ड असतं: झडप कोणती, गोळी कोणती, शेवटचा आयएनआर किती. दुखण्याची गोळी किंवा कुणाचा काढा, काहीही विचारल्याशिवाय घेत नाही. दाढ काढायच्या आधी तासभर अँटिबायोटिक घेतलं, कारण हिरडीतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. एखाद्या रात्री गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हेही पाठ झालंय. उपवास सोडायचं मात्र जिवावर आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तुझी एकादशी मी धरते, तू वेळेवर जेव."

परवा लेकीचा घसा धरला, ताप चढला. सासूबाईंनी हळदीचं दूध केलं, ते तिला पाजलं आणि स्कूटरवर बसवून मी तिला थेट डॉक्टरांकडे नेलं. दहा दिवसांचं औषध मिळालं. चौथ्या दिवशी ती खडखडीत बरी होऊन अंगणात पळत होती आणि गोळी नको म्हणत होती. उरलेले सगळे दिवस, माझ्या गोळीच्या वेळेला, मी तिचीही गोळी हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिले.