अर्ध्या इंचाची खुंटी

काकांचा फोन नेहमीसारखा इकडं अमेरिकेत रात्री साडेनऊला आला, म्हणजे कोल्हापुरात सकाळचे सात. "तुझ्या तिकडं जुन्या हत्यारांचा बाजार भरतो म्हणालीस न्हवं? रॅचेटची खुंटी बघ की एक. अर्ध्या इंचाची. लोखंड चांगलं पायजे."

ही गोष्ट २०१६ च्या वसंतातली. रॅचेट म्हणजे नट आवळायची-सोडवायची, एकाच दिशेनं जोर देणारी मूठ. तिच्या खुंटीवर गोटी, म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, चढवतात. काकांचं गॅरेज शिवाजी उद्यमनगरात आहे आणि जीप हा त्यांचा जीव. महिंद्रानं १९४७ पासून विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली, आणि आमच्या भागात त्या उसाच्या फडापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडं धावल्या. या जीपचे नट इंचातले. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, त्यावर १४ ची गोटी चढत नाही आणि १५ ची नटाचे कोपरे खाते. म्हणून गॅरेजमध्ये इंचाच्या गोट्यांची एक लोखंडी पेटी आहे. आजोबांनी ती महायुद्धानंतर डिस्पोजलच्या, म्हणजे सैन्यानं विकायला काढलेल्या, मालातून घेतली होती.

त्या पेटीतलं रॅचेट मी शाळेत असल्यापासून हाताळलंय. आजच्या रॅचेटच्या डोक्यातून चौकोनी खुंटी बाहेर आलेलीच असते आणि दिशा बदलायला मागं एक छोटा खटका असतो. आमच्या रॅचेटच्या डोक्यात मात्र आरपार चौकोनी भोक आहे. खुंटी वेगळी. ती या बाजूनं घातली की आवळायचं, काढून त्या बाजूनं घातली की सोडवायचं. गोटी खुंटीच्या टोकाला बसते.

मला स्वतःला रॅचेटचा हाच प्रकार आवडतो. खटक्याच्या रॅचेटवर ग्रीसचा हात घसरला की खटका नकळत फिरतो आणि आवळायच्या जागी नट सुटायला लागतो. आरपार भोकाच्या रॅचेटमध्ये चुकून फिरेल असं काही नाही. आत एक दातेरी चाक, त्यावर स्प्रिंगनं दाबलेली जीभ, वर झाकण. स्क्रू काढा, सगळं रॉकेलनं धुवा, ग्रीस लावा, पुन्हा बसवा. दात मोठे आणि मोजके असतात. चाकाला २४ दात असतील तर पुढचा दात पकडायला मूठ १५ अंश फिरवावी लागते. आजच्या ७२ दातांच्या रॅचेटला ५ अंश पुरतात. अडचणीच्या जागी हा फरक मोठा आहे, हे मला मान्य. पण जीपचं बोनेट उघडलं की इंजिनाभोवती जागाच जागा असते. तिथं १५ अंश कधी नडले नाहीत.

दिवाळीत गॅरेज धुताना ती खुंटी हरवली. उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगची कमी नाही, तेव्हा काकांनी लगेच दुसरी करून घेतली. साध्या लोखंडाची होती, महिन्याभरात पिळवटली. मग एक पाणी देऊन कडक करून आणली, ती पहिल्याच जोराच्या नटावर तडकली. कडक केलेलं पोलाद पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो, आणि मुळात ते मिश्र पोलाद असावं लागतं. ही एवढीशी बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण हाताचा सगळा जोर तिच्यातून जातो.

काका म्हणत होते तो बाजार ब्रिमफील्डचा. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे गाव माझ्या श्रूजबरीच्या घरापासून पाऊण तासावर. १९५९ मध्ये गॉर्डन रीड यांनी तिथं जुन्या वस्तूंचा बाजार सुरू केला. आता तो वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, मंगळवार ते रविवार भरतो. रूट २० या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलभर शेतंच्या शेतं तंबूंनी भरून जातात. प्रत्येक शेताचा मालक वेगळा, उघडायची वेळ वेगळी. काही शेतं मंगळवारी उजाडतानाच उघडतात, म्हणून मी रजा टाकून पहाटे पोचले. एका घरासमोरच्या हिरवळीवर गाडी लावली, घरमालकिणीला पैसे दिले आणि टॉर्च घेऊन निघाले. दव इतकं होतं की दहा पावलांत बूट ओले झाले. पुढं सगळीकडं टॉर्चचे ठिपके हलत होते. कुणी काचेची भांडी बघत होतं, कुणी खुर्च्या उलट्या करून सांधे तपासत होतं. जत्रेत नारळ फोडायच्या आधी जी कुजबुजती गडबड असते तशी ती गडबड होती. मला ती फार जवळची वाटली.

हत्यारांची टेबलं शोधायला नाक पुरतं. जुन्या तेलाचा आणि गंजाचा वास येतो. पहिल्या टेबलावर रॅचेटं ओळीनं मांडलेली होती आणि त्यांच्यापाशी तिघे संग्राहक वाकून मुठीवरच्या खुणा वाचत होते. तिथंच मला कळलं की या लोकांच्या आवडी किती ठाम असतात. एकाला फक्त निमुळत्या डोक्याची हवी होती, कारण ती फटीत शिरतात. दुसरा स्नॅप-ऑनच्या मागं होता. ही कंपनी १९२० मध्ये मिलवॉकीत सुरू झाली, पाच मुठी आणि दहा गोट्या अदलून बदलून वापरा, पन्नास पान्यांचं काम होईल, या कल्पनेवर. तिच्या हत्यारांवर वर्षागणिक बदलणारी बारीक खूण असते, आणि हा माणूस एकेका वर्षाचं रॅचेट जमवत होता. तिसऱ्याला लॉस एंजेलिसच्या प्लॉम कंपनीची हवी होती, तीही जुन्या नावाची. फिलाडेल्फियाच्या प्लम या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीशी नावावरून खटला झाला आणि १९४८ पासून प्लॉमचा माल प्रोटो या नावानं निघू लागला. त्यामुळं जुनं नाव कोरलेलं हत्यार संग्राहकांना मोलाचं.

मी माझा प्रकार सांगितल्यावर विक्रेत्या आजोबांनी मान हलवली आणि टेबलाखालून एक लाकडी खोका ओढला. आत आरपार भोकाची सात-आठ रॅचेटं होती. सगळी रिकामी!

"खुंटी निघते, म्हणून हरवते," ते म्हणाले. "माल घेताना मला दहांत दोन खुंटीसकट मिळाली तर नशीब."

त्या खोक्यातली दोन राखाडी, चमक नसलेली होती. युद्धाच्या काळात क्रोम आणि निकेल सैन्याच्या कामासाठी राखून ठेवले होते, म्हणून तेव्हाची बरीच हत्यारं कॅडमियमचा मुलामा देऊन किंवा नुसती काळी करून विकली गेली. मी त्यातलं एक हातात घेऊन अंगठ्यानं गंज खरवडायला लागले तर आजोबांनी मला थांबवलं. कॅडमियमची धूळ विषारी असते. असं हत्यार तारेच्या ब्रशनं किंवा पॉलिशपेपरनं कधी घासू नये, तेलाच्या फडक्यानं पुसावं आणि हात धुवावेत. आमच्या गॅरेजमध्ये डिस्पोजलचा माल वर्षानुवर्षं तारेच्या ब्रशनं घासला गेलाय. त्या रात्री मी काकांना पहिलं हेच सांगितलं.

दुपारी दोनपर्यंत चार शेतं पालथी घातली. खुंटी मिळाली ती अगदी अनपेक्षित टेबलावर, बटणं आणि किल्ल्या विकणाऱ्या बाईंकडं. किल्ल्यांच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी एक काळसर चौकोनी तुकडा होता, दोन्ही टोकांना बारीक गोळी, गोळीमागं स्प्रिंग जिवंत. व्हर्नियर लावून मोजलं तर बरोबर अर्धा इंच. किनारी धारदार, पिळ नाही. एक डॉलर. तो तुकडा काय आहे हे त्या बाईंना माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना शेजारच्या टेबलावरचं रॅचेट दाखवून सांगितलं. त्यांनी डब्यात आणखी शोधलं. नव्हती.

काकांचं काम झालं होतं. पण रजा अजून दोन दिवस होती आणि मला आता माझ्यासाठी रॅचेट हवं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हरमाँटमधल्या विंडसरला गेले. तिथं १८४६ च्या रॉबिन्स अँड लॉरेन्सच्या बंदूक कारखान्यात अमेरिकन प्रिसिजन म्युझियम आहे. याच कारखान्याच्या बंदुकांचे सुटे भाग एकमेकींना बसत, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ते पाहून ब्रिटिशांनी आपल्या एनफील्डच्या कारखान्यासाठी इथली यंत्रं मागवली. खिशातली खुंटी चाचपत मी तिथली यंत्रं बघितली. एका कारखान्याची खुंटी दुसऱ्याच्या रॅचेटला बसेल अशी आशा मी करू शकत होते, ती या विचारामुळंच. जवळच वुडस्टॉक आहे. तिथल्या जे. जे. रिचर्डसन नावाच्या माणसाला १८६३ मध्ये रॅचेट पान्याचं पेटंट मिळालं होतं. गाव देखणं आहे, पण मला रस्ता पुढं ओढत होता.

मेन राज्यात ऑगस्टाहून बेलफास्टकडं जाणाऱ्या रूट ३ वरून आत वळलं की लिबर्टी हे छोटंसं गाव लागतं. गावात जुनं टपाल कार्यालय आहे, आठकोनी. ते बघून मला पेटीतल्या आठ कोपऱ्यांच्या गोट्या आठवल्या. चौकोनी नटासाठी त्या असत, आता कुणी फारशा वापरत नाही. टपाल कार्यालयाजवळच लिबर्टी टूल कंपनीची तीन मजली लाकडी इमारत. स्किप ब्रॅक यांनी न्यू इंग्लंडमधली बंद पडलेली वर्कशॉपं आणि घरांची तळघरं धुंडाळून आणलेली हत्यारं इथं विकायला असतात. ब्रिमफील्डला वस्तू मांडलेल्या असतात, इथं त्या साचलेल्या आहेत. पायाखाली फळ्या करकरतात. रंधे, कानशी, करवती, आणि ड्रॉवरमागून ड्रॉवर.

रॅचेटच्या ड्रॉवरपाशी मी जमिनीवरच बसले. खिशातली खुंटी काढली आणि कुलपाला किल्ली लावून बघावी तशी एकेका भोकात घालून बघू लागले. पहिल्यात शिरलीच नाही. दुसऱ्यात खुळखुळली. पूर्वी कारखान्यांची मापं एक नव्हती. ७/१६, ५/८, ९/३२ असे चौकोन चालत आणि एकाची गोटी दुसऱ्याला बसेलच असं नसे. पाचव्यात ती घट्ट गेली, पण आतलं चाक गंजून बसलं होतं. आठव्यात गेली, गोळी टक् करून बसली, आणि मूठ मागं फिरवली तेव्हा जाड, सावकाश आवाज आला. कट. कट. कट. दात मोजले. २४.

मुठीवरची अक्षरं झिजली होती. उजेडात तिरकी धरून बघितली तर शेवटचे शब्द वाचता आले: वूस्टर, मास., म्हणजे मॅसॅच्युसेट्स. वूस्टर म्हणजे माझ्या घराशेजारचं शहर. मी रोज तिथून कामाला जाते. वॉल्डन कंपनीची हत्यारं तिथंच बनत. माझ्या दारापासून दहा मिनिटांवर घडलेली वस्तू सव्वादोनशे मैलांवर एका ड्रॉवरमध्ये होती. सहा डॉलर देऊन मी ती घेतली.

रात्री मोटेलमधून काकांना व्हिडिओ कॉल केला. रॅचेट फोनसमोर धरून फिरवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आपल्यासारखंच वाजतंय गं. खुंटी त्याच्याबरोबरच मिळाली व्हय?"

"नाही काका, ती तुमची आहे. ब्रिमफील्डलाच घेतली."

"मग तुझ्या रॅचेटला?"

"नाही अजून."

ते थोडं थांबले. "तूच ठेव मग. तुझं तरी पुरं होईल. हितं मी बघतो काहीतरी."

"तिथं जीप उभी आहे ना दारात?"

"हाय की. पाटलांची. इंजिनाचं हेड उतरवायचंय."

पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकू सांगलीला निघाल्या होत्या. त्यांच्या चेक-इन बॅगेत, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून खुंटी गेली. वूस्टरचं रॅचेट मी उघडून रॉकेलनं धुतलं, ग्रीस लावलं आणि खिळ्याला अडकवलं. त्या जुलैच्या ब्रिमफील्डसाठी मंगळवारची रजा टाकली. किल्ल्यांच्या टेबलापासून सुरुवात करायची ठरवलं.